घरात पाच माणसं आणि एक सायकल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ३६ वर्षांचा. नाशिकरोडला आई-वडील, बायको आणि सहा वर्षांची मुलगी यांच्यासोबत राहतो. अंबड एमआयडीसीत नोकरी आहे, जनरल शिफ्ट, साडेआठ ते पाच. कंपनीच्या तपासणीत माझं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, साखर उंबरठ्यावर आहे, हालचाल वाढवा. जिमला वेळ मिळत नाही, म्हणून अठ्ठावीस हजारांची गिअरची सायकल घेतली आणि कंपनीत सायकलनंच जाऊ लागलो. विहितगाव, वडनेर, पाथर्डी फाटा असा रस्ता, एका बाजूनं बारा-तेरा किलोमीटर. मला फार बरं वाटतंय, पण घरात कुणालाच हे चालत नाही. वडील इथल्या सरकारी प्रेसमधून (छापखान्यातून) रिटायर झालेत. तरुणपणी ते भगूरहून सायकलनं प्रेसला जायचे. ते म्हणतात, 'सायकल सुटावी म्हणून मी आयुष्यभर राबलो आणि तू दारात गाडी असताना सायकल हाणतोस.' आई बिबट्याच्या बातम्या वाचून दाखवते आणि मी घरी पोचेपर्यंत तीन फोन करते. बायको एका दवाखान्यात नोकरी करते, नऊला तिथं पोचते. ती फारसं बोलत नाही, पण परवा म्हणाली, 'तुझं फिट राहणं आम्हाला परवडत नाही.' एका लग्नात मेव्हण्यानं चारचौघांत विचारलं, 'दाजी, गाडीचा हप्ता थकलाय का?' पूर्वी पावणेआठला निघून जाता जाता मुलीला शाळेत सोडायचो, आता सव्वासातला निघतो, त्यामुळे ते काम बायको बघते. मी सगळ्यांना आकडे देऊन, नेदरलँड्सची उदाहरणं देऊन समजावतो. घरचे जुन्या विचारांचे आहेत. त्यांना कसं पटवू? की सायकल सोडून देऊ? पाथर्डी फाट्याला भाड्यानं घर घेऊन वेगळं राहावं, असंही मनात येतं.

प्रिय वाचक,

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात सायकलीच्या गिअरवर एक अख्खा परिच्छेद आहे, वडनेरच्या रस्त्यावरच्या सकाळच्या गारव्यावर एक आहे (तो छान लिहिलाय), मेव्हण्यावर दीड आहे. आणि मुलीच्या शाळेवर एक वाक्य. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्या एका वाक्याबद्दल.

'ते काम बायको बघते.' हे ठरलं कधी? तुमच्या पत्रातून तरी असं दिसतं की ते ठरलंच नाही, आपोआप झालं. तुम्ही सव्वासातला निघू लागलात आणि पावणेआठचं काम घरात जी व्यक्ती उरली होती तिच्याकडे गेलं. तिलाही नऊला दवाखान्यात पोचायचंय. म्हणजे डबे, मुलीची वेणी, शाळा, परत घरी येऊन स्वतःचं आवरणं आणि मग तिची स्वतःची धावपळ. संध्याकाळी तुम्ही पूर्वी पावणेसहाला घरात असायचात. आता सहा-सव्वासहाला येता, मग अंघोळ, मग दहा मिनिटं पाय वर करून बसणं. तेही योग्यच आहे, पंचवीस किलोमीटर सायकल मारल्यावर कुणीही बसेल. पण सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळचा पाऊण तास असा रोजचा सव्वा तास तुमच्या घराच्या हिशेबातून गेला आहे. तो तुम्ही जिमच्या वेळातून आणला नाहीत, कारण तुम्हीच म्हणता, जिमला वेळ नव्हता. मग तो आला कुठून?

'तुझं फिट राहणं आम्हाला परवडत नाही' हे वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला तो नेमका हिशेब वाटला. त्यात सायकलीविरुद्ध एक अक्षर नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातली पहिली गोष्ट मी जरा हलवून बघते. तुम्ही लिहिता, 'घरचे विरोध करतात.' घरचे असा कुणी एक माणूस नसतो. तुमच्याकडे तीन माणसं आहेत आणि तिघांचं म्हणणं वेगवेगळं आहे. वडिलांना सायकल खुपते, आईला रस्ता खुपतो आणि बायकोला वेळ खुपतो. तुम्ही तिघांना एकच उत्तर देताय, आकड्यांचं. वडिलांना कोलेस्टेरॉलचे आकडे, आईला पेट्रोलचे आणि बायकोला नेदरलँड्सचे. कुणालाच आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट, 'जुन्या विचारांचे'. अहो, तुमच्या घरात सायकलीबद्दल सगळ्यात जास्त अनुभव असलेला माणूस तुमचे वडील आहेत. भगूर ते नाशिकरोड, देवळालीवरून, पाळीची वेळ सांभाळत, बिनगिअरच्या जड सायकलवर. पावसाळ्यात धोतराचा नाही तर पँटचा पायचा वर खोचून. त्या काळी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसलं की चाकातली हवा सोडायचा. रस्त्यावर कुणीही उठावं आणि सायकलवाल्यावर डाफरावं, असा तो मामला होता. स्कूटर हवी तर बजाजला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, इतकी की लग्नाच्या बोलणीत 'स्कूटरचा नंबर लागलाय' हेही सांगितलं जायचं. ज्या पिढीनं ही वाट पाहिली, त्या पिढीला दारात गाडी उभी असताना पोरगं सायकलवरून घामाघूम येताना दिसलं, तर त्यांना आरोग्य दिसत नाही. आपण जिथून निघालो होतो तिथेच पोरगं परत चाललंय, असं दिसतं. हा विचार जुना नाही, त्यांच्या आयुष्यातून आलेला आहे.

आणि नाशिकमध्ये तर ही गंमत जास्तच आहे. याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, तेव्हा अख्ख्या शहरानं त्यांना डोक्यावर घेतलं. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते तेव्हा चौकाचौकात लोक हार घेऊन उभे असतात. त्या सायकलवाल्यांना 'हप्ता थकलाय का' असं कुणी विचारत नाही. रविवारी पहाटे हेल्मेट आणि चटपटीत जर्सी घालून त्र्यंबक रोडला गेलेला माणूस हौशी ठरतो. तोच माणूस मंगळवारी कॅरिअरला डबा लावून एमआयडीसीत निघाला की त्याच्यावर काहीतरी वेळ आली असणार असं ठरतं. सायकल तीच, वार बदलला. तुमचा मेव्हणा वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही, तो फक्त समाजाचा मोठा आवाज आहे. त्याला उत्तर द्यायची गरज नाही. अगदीच द्यायचं असेल तर 'हो, थकलाय, देतोस का?' एवढं पुरे. पुढच्या लग्नात तो दुसरा विषय काढेल.

वडिलांना मात्र उत्तर द्यायला हवं आणि ते वादातून देऊ नका. एक तर त्यांच्यासमोर पेट्रोल वाचतं हे बोलणं बंद करा. तुम्हाला ती कौतुकाची गोष्ट वाटते, त्यांना 'आपल्या मुलाला पेट्रोल परवडत नाही' असं ऐकू येतं. शिवाय हिशेब काही फार मोठा नाही. रोज पंचवीस किलोमीटर म्हणजे मोटारसायकलचं साधारण अर्धा लिटर पेट्रोल, पन्नास-पंचावन्न रुपये. महिन्याला बाराशे-तेराशे. अठ्ठावीस हजारांची सायकल भरून निघायला पावणेदोन-दोन वर्षं लागतील, तेही एकही दिवस न चुकता गेलात तर. तुम्ही सायकल बचतीसाठी घेतलेली नाही, ती साखरेसाठी घेतली आहे. मग तेच सांगा.

तुम्ही तो रिपोर्ट वडिलांना दाखवलाय का? पत्रात तसा उल्लेख नाही. माझा अंदाज, दाखवलेला नाही, 'उगाच काळजी करतील' म्हणून. पण त्यामुळे त्यांना फक्त सायकल दिसतेय आणि सायकलीमागचं कारण दिसत नाही. कागद त्यांच्या हातात द्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असलं तर त्याला मधुमेहाच्या आधीची पायरी म्हणतात, आणि ती बरेचदा आहार नि हालचालीनं मागे घेता येते, एवढं सांगा. त्यापलीकडे भाषण नको. मी असंही सांगणार नाही की वडिलांकडून सायकलीचे ब्रेक आवळून घ्या म्हणजे ते विरघळतील, बापलेक दोघं मिळून चेनला तेल घालतील वगैरे. तसं सिनेमात होतं. तुमच्या वडिलांना कदाचित सायकल कधीच आवडणार नाही. त्यांना ती आवडायची गरजही नाही. कारण कळलं तर ते रोज बोलायचे थांबतील, आठवड्यातून एकदा बोलतील. त्यावर समाधान माना.

आता आई. बिबट्याची काळजी हसण्यावारी नेऊ नका. विहितगाव, वडनेर, जय भवानी रोड, देवळाली कॅम्प या सगळ्या पट्ट्यात ऊस आहे, लष्कराची मोकळी जमीन आहे, झाडी आहे, आणि बिबटे दिसल्याच्या, माणसांवर आणि मुलांवर हल्ले झाल्याच्या बातम्या खऱ्या आहेत. तुमची आई पेपर बरोबर वाचते. तिला 'तू घाबरट आहेस' असं सुचवण्याऐवजी वेळ बघा. डिसेंबरात नाशिकला सहाच्या आसपास सूर्य मावळतो. पाचला कंपनी सुटली, आवरून सव्वापाचला निघालात, तर वडनेरच्या रस्त्याला लागेपर्यंत संधिप्रकाश, आणि बिबट्याची हालचाल वाढते ती याच वेळी. म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी संध्याकाळी त्या रस्त्यानं सायकल नको, हे आईचं म्हणणं पूर्ण मान्य करून टाका. उरलेल्या महिन्यांबद्दल मग तिच्याशी बोलता येईल. आपलं एक तरी म्हणणं मान्य झालंय हे दिसलं की माणूस दुसऱ्यावर ऐकायला तयार होतो.

फोनचंही तसंच. तीन फोन येतात कारण तुम्ही एकही करत नाही. निघताना एक आणि पोचल्यावर एक, तुम्हीच करा. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एक तासासाठी देता येतं. आईला ते बघायला एकदा शिकवा, म्हणजे तुमचा ठिपका पाथर्डी गावातून पुढे सरकलेला तिला दिसेल. ही पाळत आहे असं वाटत असेल तर नका देऊ. पण चालत्या सायकलवर खिशातला फोन वाजत राहणं त्यापेक्षा धोक्याचं आहे.

तुम्ही आईला गाडीचे अपघात सांगता, तिथं थोडं सांभाळा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकी गाडीवरची होती. सायकलस्वारांचा वाटा त्या मानानं बराच कमी. पण त्यावरून सायकल सुरक्षित ठरत नाही, कारण रस्त्यावर सायकलीच मुळात कमी आहेत. आकडा खरा, निष्कर्ष कच्चा. एवढाच अर्थ काढा की मोटारसायकल म्हणजे सुरक्षित आणि सायकल म्हणजे जीव धोक्यात, ही घरातली समजूतही तितकीच कच्ची आहे. धोका दोन्हीकडे आहे आणि तो कमी करता येतो.

आणि नेदरलँड्स. जेवताना ते काढूच नका, निदान तुम्ही काढता तसं नको. तिथले वेगळे सायकलमार्ग काही लोकांच्या सुसंस्कृतपणातून उगवले नाहीत. १९७०च्या दशकात मोटारींखाली इतकी मुलं मरू लागली की आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी रस्ते अडवले, तेव्हा सरकार हललं. म्हणजे तुम्ही ज्या देशाचं उदाहरण देऊन आईला गप्प करता, तिथली सायकल अशाच आयांच्या काळजीनं सुरक्षित केली आहे.

तुमच्या पत्रात दिव्याचा उल्लेख कुठेच नाही, याची मात्र मला आईइतकीच काळजी वाटली. मागे लाल लुकलुकणारा आणि पुढे पांढरा दिवा, चार्जिंगचे, दिवसाही चालू ठेवायचे. कपड्यांवरून चमकणाऱ्या पट्टीचं जॅकेट. हेल्मेट अर्थातच. पाथर्डी फाट्याला ट्रक आणि कंटेनर वळतात, तिथं त्यांच्या डाव्या बाजूला घुसू नका. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही आणि सिग्नल सुटला की तो वळतो. चौक उतरून, सायकल हातात धरून पार केला तर कमीपणा येत नाही. सध्या २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी रस्ते उकरलेले आहेत. काल सपाट असलेला रस्ता आज खडीचा असतो, म्हणून वेग नकोच. टायरमधली हवा दर आठवड्याला बघा, पावसात भिजली की चेन पुसून तेल द्या, आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवा. वडनेरच्या रस्त्यावर पंक्चरवाला शोधत सायकल ढकलण्यात अर्धा तास गेला की घरी तीनऐवजी सहा फोन होतात.

विम्याचंही बोलून ठेवते, कारण हे सगळ्याच वाचकांच्या उपयोगाचं आहे. सायकलीला गाडीसारखा सक्तीचा विमा नसतो. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली नसेल तर घ्या. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण. ते पुरेसं नाही, म्हणून जोडीला एखादी वैयक्तिक अपघात पॉलिसी बघा. कंपनीच्या समूह विम्यात काय येतं हे एचआरला विचारा. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि जे ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) आहेत, त्यांच्या बाबतीत घर ते कंपनी या प्रवासातला अपघातही काही अटींवर कामावरचा धरला जातो, हे बऱ्याच कामगारांना माहीतच नसतं.

आता तुमचे पर्याय. तुम्ही दोनच लिहिलेत, सायकल सोडायची किंवा घर. जणू मधे काही नाहीच.

सायकल सोडू नका. तुमच्या शरीराला ती मानवली आहे, कंपनीत जाण्याच्या वेळातच व्यायाम होतो, आणि हे सोडलंत तर दुसरं काही सुरू होईल असं मला पत्रावरून वाटत नाही. शिवाय घरच्यांसाठी सोडलेली गोष्ट पुढे दहा वर्षं जेवणाच्या ताटावर वाढली जाते. 'तुमच्यामुळे माझी सायकल सुटली' हे वाक्य साठ वर्षांचे झालात तरी तुम्ही म्हणत राहाल.

पण रोज जायलाच हवं, हे कुणी ठरवलं? डॉक्टरांनी हालचाल वाढवा म्हटलं, रोज पंचवीस किलोमीटर असं नाही म्हटलं. आठवड्यातून तीन दिवस सायकल, तीन दिवस मोटारसायकल. मोटारसायकलच्या दिवशी पावणेआठला निघायचं, मुलीला तुम्हीच सोडायचं. सायकलच्या दिवशी शाळेचं काय, हे बायकोसोबत बसून ठरवा. इथं 'आजोबा सोडतील की' असं परस्पर म्हणू नका. आजोबांना विचारा. कदाचित त्यांना आनंद होईल, कदाचित त्यांचा सकाळचा फिरायचा कट्टा मोडेल. शाळेची व्हॅन लावता येते, तिचे पैसे तुम्ही वाचवलेल्या पेट्रोलमधून जातील, मग निदान त्या बचतीचा उपयोग तरी दिसेल. किंवा सायकलच्या दिवशी सकाळचे डबे तुम्ही भरायचे, साडेसहाला. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं, पण तुमच्या घरात ते कसं दिसेल हे मला माहीत नाही. सुरुवातीचे चार दिवस आई हातातून पोळीचं उलथनं काढून घेईल, तेवढ्यावर 'आईच करू देत नाही' म्हणून सुटका करून घेऊ नका.

बायकोशी बोलताना एक पथ्य. 'मग तूच सांग काय करू' असं विचारू नका. ते विचारणं नाही, ओझं सरकवणं आहे. तुम्ही आधी कागदावर आठवडा मांडा, कोणत्या दिवशी कोण काय करणार, आणि मग तिला दाखवा. ती दुरुस्त्या सांगेल, त्या मुकाट्यानं लिहून घ्या. आणि तिलाही आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर स्वतःसाठी मिळतो का, हे त्याच कागदावर आलं पाहिजे. साखर फक्त तुमचीच वाढते असं थोडंच आहे.

पावसाळ्यात, जोराचा पाऊस असेल त्या दिवशी सिटीलिंकची बस किंवा मोटारसायकल, यात हट्ट नको. घामाच्या कपड्यांचं काम वाढलं असेल तर सोमवारी मोटारसायकलवरून आठवड्याचे शर्ट कंपनीत नेऊन ठेवा, शनिवारी परत आणा, आणि सायकलचे कपडे घरी आल्यावर स्वतः पिळून वाळत घाला. ओला रेनकोट हॉलमधल्या खुर्चीवर टाकत असाल (टाकत असालच) तर बाथरूममध्ये खुंटी ठोका. बॅटरीची सायकलही मिळते. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी, लायसन्स लागत नाही, वेळही दहा-पंधरा मिनिटांनी वाचतो. पण आता लगेच घेऊ नका. अठ्ठावीस हजारांवर आणखी तीस हजार हे घरात सांगायची ही वेळ नाही.

वेगळं राहणं. हे पाप आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पाथर्डी फाट्याला राहायला गेलात तर कंपनी जवळ येईल, हे खरं. पण मुलीची शाळा बदलेल, बायकोचा दवाखाना लांब पडेल, आणि आई-वडील नाशिकरोडला एकटे. संध्याकाळी त्यांच्याकडे चक्कर मारायची तर परत तोच वडनेरचा रस्ता, अंधारातून. वेगळं राहायची खरी कारणं घरात असतील, जागा पुरत नसेल, पटत नसेल, तर ती बायकोसोबत उघडपणे मांडा आणि त्यावर निर्णय घ्या. सायकलीच्या नावावर घर वेगळं केलं असं झालं तर नातेवाइकांना पुढची वीस वर्षं सांगायला गोष्ट मिळेल आणि मूळ कारण कुणीच ऐकणार नाही.

असंच पत्र एखाद्या सुनेनं लिहिलं असतं तर मी थोडं वेगळं बोलले असते. येतात तशी पत्रं. सून सायकलनं कामावर जाते म्हणून घरात आक्षेप असतो, आणि तोही काळजीच्या भाषेत असतो. 'रस्ता चांगला नाही गं', 'उशीर होतो गं'. ती काळजी आहे की लगाम, हे ओळखायची एक साधी खूण आहे. 'मग मी स्कूटीनं जाते' म्हटल्यावर घरचे निश्चिंत होतात का ते बघावं. होत असतील तर प्रश्न खरोखर रस्त्याचा आहे आणि वर लिहिलेलं सगळं तिला लागू पडतं. स्कूटीलाही 'कशाला?' आणि बसलाही 'कशाला?' येत असेल, तर प्रश्न वाहनाचा नाही, तिच्या बाहेर पडण्याचा आहे. तिथं दिवे आणि लाइव्ह लोकेशन सुचवून काही होणार नाही. तिथं नवऱ्यानं तोंड उघडायला हवं. तुमच्या घरात ती अडचण नाही. तुम्ही पुरुष आहात, त्यामुळे तुम्ही कोणाला न विचारता सव्वासातला निघू शकलात आणि घरानं बाकीचं जमवून घेतलं, हेही जरा लक्षात असू द्या.

येत्या रविवारी क्रम असा ठेवा: आधी बायकोसोबत आठवड्याचा कागद, मग वडिलांच्या हातात रिपोर्ट, मग आईला फोनवरचा ठिपका दाखवणं. तिघांना एकत्र बसवून सभा घेऊ नका. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत, सभेत सगळ्यात मोठा आवाज वडिलांचा असणार आणि बायकोचं म्हणणं पुन्हा राहून जाणार.

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासत बसू नका. तीन दिवस सायकल या बेतानं तीन महिने जाऊ द्या, मग पुन्हा करा. आकडा खाली आला तर तो कागदही वडिलांना द्या. नाही आला, तर 'बघ, तीनच दिवस जायला लावलंत' असं घरात म्हणायच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि कंपनीच्या कँटीनमधल्या साडेदहाच्या वडापावाबद्दल त्यांना खरं सांगा. तोही तुमच्या पत्रात आहे, गारव्याच्या परिच्छेदानंतर लगेच.